पडद्यावरचा बापू

घरातली सगळी बटणं बंद करून, कंबरेवर हात ठेवून विजेच्या मीटरसमोर उभी राहणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. चकती थांबली आहे याची खात्री पटेपर्यंत काकू तिथून हलत नसत. चकती थांबलेलीच असे. तरी जाताना त्या एकदा मागे वळून बघत. पाठ फिरली की लबाडी सुरू होते, हा त्यांचा माणसांबद्दलचा अनुभव होता आणि मीटर माणसांनीच बनवलेला होता. सांगलीतल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे ‘तपासणीस काकू’ म्हणत. तोंडावर नाही अर्थात. पण काकूंना ते ठाऊक होतं, आणि नाव कुणी ठेवलं असेल याबद्दल तीन-चार घरांवर त्यांचा संशयही होता.

मी मूळचा जावळी तालुक्यातल्या मेढ्याकडचा. साताऱ्यात डिप्लोमा केला आणि कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यात नोकरीला लागलो. तिथे डिश अँटेना तयार होत. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. गल्लोगल्ली केबल आली होती आणि डिशच्या धंद्याला बरे दिवस होते. काकूंच्या घराची वरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं म्हणून गेलो, तर त्यांनी मला उंबऱ्याबाहेरच उभं करून गाव, तालुका, कॉलेज, जेवायची मेस, सगळं विचारून घेतलं. “चार दिवसांनी ये,” म्हणाल्या. त्या चार दिवसांत त्या एसटीनं साताऱ्याला जाऊन आल्या. परत गेलो तेव्हा म्हणाल्या, “मेसवाल्या बाई सांगत व्हत्या, पोरगं ताटात टाकत न्हाई. राहा. पण जावळीतलं माणूस तू, डोंगरातलं. मनात काय हाय ते लवकर कळायचं न्हाई.” त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘जावळीकर’ झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. ते खरं असेल याची बहुधा त्यांना खात्री नसावी.

काका मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर होते. त्यांनी पेढीवरून स्वतःच्या हातानं आणलेली हळदसुद्धा काकू पेल्यातल्या पाण्यात टाकून बघत. “पेढी तुमची न्हवं, मालकाची हाय,” असं म्हणत. काका फार कमी बोलायचे. बोललेलं सगळं तपासलं जातं हे एकदा कळल्यावर माणूस आपोआप कमी बोलतो. एसटीवर पाटी असली तरी काकू कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला, आणि बसल्यावर शेजारच्या बाईला. टीव्हीवरच्या बातम्यांवर तर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. “ही बाई खाली न बघता घडाघडा बोलतीया. एवढं पाठ कसं व्हतं? घडायच्या आधीच लिवून ठेवत असतील.”

पण एका विषयावर हे सारं थांबायचं. फळीवर, देवांच्या शेजारी, एका हसऱ्या तरुणाचा फोटो होता. त्याच्याबद्दल काकू बोलत नसत. मला सांगितलं ते काकांनी, एकदा यार्डातून दोघं पायी येताना. तो काकूंचा धाकटा भाऊ, बापू. काकूंचं माहेर विट्याजवळचं. आई लवकर गेली, तेव्हा काकूंनीच त्याला वाढवला. लग्न होऊन सांगलीला आल्या त्या त्याला घेऊनच. पुढे त्यांच्याकडच्या कितीतरी पोरांसारखा तो गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करून द्यायच्या कामात शिरला आणि केरळात गेला. काकूंनी त्याच्यासाठी तासगावकडची मुलगी बघितली. बैठक याच घरात बसली. बापू लग्न पुढे ढकलायच्या गोष्टी करू लागला, तेव्हा काकूंनी पाहुण्यांसमोर, भरल्या घरात त्याला विचारलं, “तिकडं कुणी ठेवलीयस का?”

बापू उठला, चप्पल पायात सरकवली आणि गेला. तो पुन्हा आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. केरळातल्या त्याच्या जुन्या मालकानं कळवलं, काम सोडून गेला. काकूंनी विट्याला जाऊन गलाईवाल्यांची घरं पालथी घातली. सगळे म्हणाले, ठाऊक नाही. “खोटं बोलतायत,” काकू म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, सवयच आहे त्यांची.

एकदा कारखान्यातून एक नवा रिसीव्हर घरी नेऊन तपासायचं काम माझ्यावर आलं. त्यासाठी गच्चीवर जाळीची डिश बसवायला हवी होती. काकूंनी डिशभोवती एक फेरी मारली. “ह्यातनं आपल्याला लोकांचं दिसणार.”

“हो.”

“मग लोकांस्नी आपलं न्हाई का दिसणार?”

नाही दिसणार, हे मी परोपरीनं समजावलं. त्यांनी मान डोलावली, परवानगी दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून टीव्ही बंद असला की त्यावर जाड चादर टाकू लागल्या.

रविवारची सकाळ होती. वायर गच्चीवरून खाली त्यांच्याच टीव्हीला जोडली होती, कारण माझ्याकडे टीव्ही नव्हता. काका गच्चीवर, मी खाली. मी ओरडायचो, काका डिश बोटभर सरकवायचे. काकू पाटावर बसून माझ्यावर नजर ठेवून होत्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. मग त्यातून चित्र येऊ लागलं. एका दक्षिणेकडच्या वाहिनीवर देवळाची जत्रा लागली होती. हत्ती, छत्र्या, ढोल, उघड्या अंगाची माणसं. खाली इंग्रजीत गावाचं नाव आलं, त्रिचूरच्या बाजूचं. चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस चालूच होता.

“थांब!” काकू ओरडल्या.

गर्दीत एक माणूस लहान मुलीला खांद्यावर घेऊन चालला होता. दोन-तीन क्षण. मग हत्ती आडवा आला.

काकू उठून पडद्याजवळ गेल्या. तिथे आता एक निवेदक बोलत होता. त्याच्या तोंडावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “जावळीकर, ह्याला बाजूला कर. मागं बापूगत कुणीतरी हाय.”

काका गच्चीवरून विचारत राहिले, “आलं का? आलं का?”

तो कार्यक्रम पुढच्या रविवारी पुन्हा लागणार असल्याचं वाहिनीवरच कळलं. मी कारखान्यातून व्हीसीआर मागून आणला. तो आठवडाभर मी डिशवर काम केलं. दिशा नेमकी केली, डिशच्या तोंडाशी असतो तो डबा थोडा फिरवला, वायर चांगली घातली. ठिपक्यांचा पाऊस थांबला. रविवारी कार्यक्रम टेपवर घेतला. खांद्यावर मुलगी घेतलेला माणूस स्वच्छ आला, म्हणजे त्या टीव्हीवर जेवढा येऊ शकतो तेवढा. त्याचं डोकं माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं होतं. थांबवलं की चित्र थरथरायचं आणि मधून एक पांढरा पट्टा जायचा.

काकूंना आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांना संशय आला. “बापूसारखा हाय. पण ‘सारखा’ म्हंजे काय? सारखी माणसं लय असत्यात.” बापूच्या डाव्या भुवईत लहानपणची खोक होती, ती दिसली तरच त्या मानणार होत्या.

त्या काकांना घेऊन टीव्हीच्या दुकानात गेल्या, आणि तपासणीला मला. दुकानदारानं सगळ्यात मोठा टीव्ही दाखवला. “काकू, हा घ्या. माणसाच्या अंगावरचा केस मोजाल.” टेप लावून बघितली. माणूस मोठा दिसला खरा. पण चेहरा जास्तच विस्कटला. दुकानदारानं एक बटण पिळलं, तशा सगळ्या कडा एकदम ठसठशीत झाल्या. “बघा, किती क्लिअर!”

काकू पुढे वाकल्या. “ह्याच्या कानामागं पांढरी किनार हाय. ही मगाशी नव्हती. ती तुमी आत्ता काढली.”

त्या अगदी बरोबर होत्या. ते बटण चित्रात नवं काही आणत नाही, फक्त कडा कोरून दाखवतं. मी ते पुन्हा खाली आणलं. दुकानदार माझ्याकडे रागानं बघत राहिला आणि आम्ही काही न घेता बाहेर पडलो.

घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. “आता खरं सांग. मोठ्यात का दिसत न्हाई?”

मी खडू घेतला आणि फरशीवर ठिपके काढले. “काकू, रांगोळीचे ठिपके समजा. टीव्हीचं चित्र म्हणजे एकाखाली एक आडव्या रेघा. सहाशे पंचवीस असतात, त्यातल्याही काही चित्राच्या कामाच्या नसतात. टेपवर घेतलं की बारकावा आणखी कमी होतो. टीव्ही मोठा घेतला म्हणून रेघा वाढत नाहीत. ठिपके तेवढेच राहतात, फक्त लांब लांब मांडले जातात. त्याच्या अख्ख्या डोक्याला थोड्याशाच रेघा आल्यात. भुवईतली खोक एका रेघेपेक्षा बारीक आहे. ती चित्रात आलीच नाही.”

“म्हंजे दडलेली न्हाई?”

“नाही. नाहीच आहे.”

 मी त्यांना धीर यावा म्हणून सांगितलं, की जपानात आता याच्या जवळजवळ दुप्पट रेघांचे टीव्ही निघालेत, मासिकात वाचलंय, त्याला हाय डेफिनिशन म्हणतात. आपल्याकडेही येतील.

“कवा?”

“वर्षं लागतील.”

“आणि आले तर त्यात ही खोक दिसंल?”

“नाही काकू. जुन्या कॅमेऱ्यानं जेवढं घेतलंय तेवढंच. पुढचं पुढे चांगलं दिसेल. हे असंच राहणार.”

“म्हंजे बापू आला तेवढाच आला,” काकू म्हणाल्या आणि पदरानं फरशी पुसून टाकली.

मग मी फोटो स्टुडिओतला कॅमेरा आणून, खोलीत अंधार करून टीव्हीच्या पडद्याचाच फोटो काढला. तीन फोटोंवर काळा पट्टा आला, चौथा बरा आला. काकूंनी तो फळीवरच्या फोटोशेजारी ठेवला. महिनाभर त्या येता-जाता दोन्हींकडे बघत होत्या. एक दिवस सकाळी त्यांनी काकांना सांगितलं, “रजा टाका. जायचं.” मग माझ्याकडे वळल्या. “तू बी चल, जावळीकर. ह्यास्नी विंग्रजी येत न्हाई. मला फशिवतील.”

कधी कृष्णेवरचा अंकलीचा पूल ओलांडला तरी पलीकडचं पाणी न पिणारी ही बाई गाड्या बदलत केरळात आली. भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि सांगलीच्या पाण्याचा कॅन सोबत होता. गाडीत त्या झोपल्या नाहीत. खिडकीतून माडांची रांग सुरू झाली तेव्हा एकदाच म्हणाल्या, “एवढ्या हिरव्यात माणूस गावाकडं कशाला येईल?”

त्या गावात बाजारपेठेत गलाईचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. आम्लाचा वास आला आणि पाठोपाठ आमच्याच बाजूचं मराठी ऐकू आलं. मालक खानापूर तालुक्यातले, विट्याच्याच बाजूचे निघाले. त्यांनी बसायला दिलं. काकूंनी आपण कोण ते न सांगता टीव्हीवरून काढलेला फोटो पुढे केला. मालकांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि हसले. “आवं, हा तर आमच्या चौकातला च्यावाला. तुमी सांगलीहून ह्याला बघायला आलायसा व्हय?”

चौक समोरच होता. आम्ही गेलो. टेपवर दिसलेला माणूस खरंच तो चहावाला होता. मुलगीही तिथेच बाकड्यावर बसली होती. जवळून तो बापूसारखा मुळीच दिसत नव्हता. नाक वेगळं, कपाळ वेगळं, वयसुद्धा वेगळं. काकू त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यानं हसून ग्लास पुढे केला. त्यांनी मान हलवली आणि परत दुकानात आल्या. काका म्हणाले, “चला, संध्याकाळची गाडी मिळंल.” एवढ्या लांब त्यांना आणलं ते मी बसवलेल्या डिशनं.

निघताना मालकांनी सहज विचारलं, “तुमी मूळच्या कुठल्या, आक्का?”

काकूंनी माहेरचं गाव सांगितलं. भावाचं नाव सांगितलं.

मालक समोरचा तराजू पुसू लागले. तो स्वच्छच होता.

काकू पुन्हा खाली बसल्या. “तुमी कायतरी लपिवताय.”

“न्हाई आक्का, मी कशाला—”

“तराजू तिसऱ्यांदा पुसताय. मी सगळ्या गलाईवाल्यांना विचारलं. सगळे असंच कायतरी पुसत व्हते. जित्ता हाय का एवढं सांगा. मग मी उठते.”

मालकांनी फडकं ठेवलं. “हाय. पल्याडच्या गावात स्वतःचं दुकान हाय. कुणाला सांगू नगा म्हणून त्यानंच शपथा घातल्यात.”

बसनं तासाभरात पोहोचलो. दुकानाच्या मागेच घर होतं. बापू दारात आला. फोटोतल्यापेक्षा खूप स्थूल झाला होता, केस विरळ झाले होते. पडद्यावर दिसला असता तर काकूंनी त्याला ओळखलाच नसता. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. काका पुढे झाले आणि त्यांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग आम्ही आत बसलो. त्याची बायको बाहेर आली, तिथलीच होती, आणि तिच्यामागून एक शाळेच्या कपड्यातली मुलगी.

बापू खाली बघत म्हणाला, “आक्का, त्या दिवशी तू इचारलंस ते खरं व्हतं. लग्न करून बसलो व्हतो. तवा ही पोरगी दोन वर्षांची व्हती.”

“मला ठाऊक व्हतं,” काकू म्हणाल्या.

“मग चारचौघांत कशाला इचारलंस?”

“एकट्यात इचारलं असतं तर खोटं बोलला असतास.”

बापूनं मान वर केली. “न्हाई, आक्का. एकट्यात सांगितलं असतं. सांगायलाच आलो व्हतो.”

  बापूच्या बायकोनं सगळ्यांना पाणी आणलं. तिकडच्या पद्धतीचं, लाकडाच्या ढलप्या घालून उकळलेलं, गुलाबी. काकूंनी पेला उजेडाकडे धरला. मी आणि काका एकमेकांकडे बघू लागलो. काकूंनी तो एका दमात रिकामा केला, तिच्यापुढे धरला आणि मराठीतच म्हणाल्या, “आणखी दे, बाई.”

त्या परत आल्यावर बदलल्या, असं मी सांगणार नाही. मीटरसमोरचं उभं राहणं चालूच राहिलं. भाचीचं पत्र आलं की ते तिनंच लिहिलंय की बापूनं, याची अक्षर पडताळून चौकशी होई. मी दोन वर्षांनी सातारची नोकरी धरली, तेव्हा नव्या मालकाची माहिती काढायला त्या स्वतः जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “माणूस बरा दिसतो. पण लक्ष ठेव.”

काकूंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आठवण आली की मला मिरज स्टेशन दिसतं. केरळाहून बापू पहिल्यांदा बायको-मुलीला घेऊन उन्हाळ्यात आला होता आणि परत निघाला होता. मी पोहोचवायला गेलो होतो. गाडीनं शिट्टी दिली. मुलगी खिडकीतून हात हलवत होती. काकूंनी खिडकीचा गज धरून ठेवला होता.

“परत येशील न्हवं?” त्यांनी विचारलं.

बापू हसला. “शंका हाय का, आक्का?”

“हाय,” काकू म्हणाल्या. “मरेपतूर राहील. तरी ये.”